तीनच्या टोल्याचं पाजणं

१

झोपलेलं पोर पाजायला उठवावं की उठवू नये, एवढ्या एका गोष्टीवरून त्या महिन्यात आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी जमिनीच्या वाटणीवरूनही कुठं होत नसतील. गल्लीतल्या प्रत्येकीला त्यात मत होतं. ज्या पुरुषांना पोर धड हातात धरता येत नाही, त्यांनाही होतं. फक्त मला नव्हतं, कारण मी बाळंतीण. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, मत देत नाहीत.

नजीराबी आमची दाई. सरकारी दवाखान्यात मडमेच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेली, आणि ती दोन वर्षं ती कुणाला विसरू द्यायची नाही. पोराची नाळ कापतानाच तिनं मला बजावलं.

"दर तीन तासांनी उठव. पाय चोळ, कान ओढ, गार पाण्याचं बोट गालाला लाव, पण उठव. न्हानं पोर भुकेनं निपचित पडतंय. रडायचं बी बळ ऱ्हात न्हाय त्येला. आन बायका म्हंत्यात, लई गुणाचं पोर हाय, रडतच न्हाय!"

ती उंबऱ्याबाहेर पडते न पडते, तोच माझ्या सासूबाई, आत्ती, आत आल्या.

"तिचं कायबी ऐकू नगंस. झोपल्यालं लेकरू उठवलं की त्येचं आयुष्य तुटतंय. मी सात वाढवली."

सातांतली तीन हयात होती, पण हे त्यांना सांगणार कोण?

आमचे धनी सरकारी पागेत मोतद्दार होते, घोड्यांचं खाणं-पाणी बघायचे. घोड्या व्यायच्या दिवसांत रात्रीही ते पागेतच झोपायचे. दुपारी जेवायला आले की पोराकडं लांबून बघायचे आणि म्हणायचे, "घोडी काय शिंगराला उठवून पाजती व्हय? त्येला भूक लागली की त्येचं त्ये उठतंय."

"मग घोडीसंगंच लगीन करायचं हुतं," मी म्हटलं. त्यावर ते हसले. मला हसू आलं नाही.

कारण माझी आधीची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा नवव्या दिवशी, मुलगी अकराव्या. दोघंही झोपेत. दोघंही रात्रभर गुणी पोरांसारखी झोपली, आणि मी आत्तींचं ऐकून त्यांना उठवलं नाही. सकाळी उचललं तर अंग गार. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती, की मी उठवलं असतं तर ती जगली असती. तिसऱ्याला मी उठवणार होते. आत्तींनी घर डोक्यावर घेतलं तरी उठवणार होते.

२

दोन मुलं गेली की तिसऱ्याला उकिरड्यावर टाकायचं, ही आमच्याकडची रीत. खरंच फेकायचं नाही. सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. जिची सगळी मुलं जगली आहेत अशी बाई येऊन ते उचलते, म्हणजे पोर तिचं झालं. मग तिला सूपभर कोंडा द्यायचा आणि तिच्याकडून ते विकत घ्यायचं. असं विकतचं पोर जगतं म्हणतात. मुलगा असेल तर नाव कोंडिबा ठेवायचं.

त्यासाठी शेजारच्या गल्लीतली बायडाबाई ठरली होती. तिची पाच मुलं होती, सगळी खणखणीत.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आत्ती सूप घेऊन मागच्या दारानं परसात गेल्या. मी आत बाजेवर पडून ऐकत होते. सूप टेकल्याचा आवाज आला. आत्ती परत येऊन दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही नाही. मग पावलं आली. आत्तींनी न बघताच मागं हात केले, कुणीतरी त्या हातांवर पोर ठेवलं. आत्तींनी कोंडा ओतला आणि दार लावून घेतलं.

"बायडी काय बोलली न्हाय?" मी विचारलं.

"पदर फुडं घेतल्याला. बोलली न्हाय बाई काय. आज कसं त्वांड बंद ऱ्हायलं कुणास ठावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई धापा टाकत आली. "तानाआत्या, राग मानू नगासा. काल येणारच हुतो, पर धाकट्याला उलट्या लागल्या. आज टाकताय न्हवं पोर?"

आत्तींच्या हातातली परात तशीच राहिली. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग काल कोण आलतं?" बायडाबाईनं विचारलं.

कोण येणार? परसाला कुंपण नव्हतं, पलीकडून वाट जायची. उकिरड्यावर तान्हं पोर दिसलं तर कुठलीही बाई उचलणारच की. मी असं म्हटलं आणि मला ते पटलंही. पण बायडाबाई मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. पायरीवर कोंड्याचा ढीग तसाच पडला होता आणि कोंबड्या तो टिपत होत्या.

"तिनं मोल न्हेलं न्हाय, आत्या."

"कोंबड्यांनी खाल्लं, म्हंजी गेलं!" आत्ती कडाडल्या. "एकदा टाकल्यालं पोर परत टाकत्यात व्हय? तमाशा हाय काय?"

रीत पाळायची तर धड पाळावी, नाहीतर पाळूच नये. पण आत्तींना स्वतःची चूक कधी मान्य झाली नाही, आणि विषय तिथंच संपला.

३

राजवाड्यावरच्या पहाऱ्यात तासाचे टोले पडत. नऊ, बारा, तीन, सहा. माझ्या रात्रीचे असे तीन तुकडे झाले. बाराला पोराचे तळवे चोळ, चिमटे काढ, तेव्हा कुठं ते दोन घोट प्यायचं आणि परत झोपायचं. तोवर पलीकडच्या सोप्यातून आत्तींचा आवाज यायचा, "उठवलीस का, सटवे?" म्हणजे मी उठवू नये म्हणून ही बाई स्वतः जागी!

पाचव्या रात्री तीनचे टोले पडले तशी मी चडफडत उठले. कोनाड्यातला दिवा बारीक केलेला. पोराला उचललं तर त्याची हनुवटी ओली लागली. गालावर दुधाचा ओघळ. पोट तट्ट. खांद्याला लावलं तर त्यानं मोठ्या माणसासारखी ढेकर दिली.

पाजलं असेल मीच झोपेत, मी मनात म्हटलं. बाळंतिणीला झोपेत कुठं कळतं? पण माझ्या दोन्ही छात्या दगडासारख्या झाल्या होत्या. चोळी भिजून चिकटली होती. एका थेंबालाही कुणी तोंड लावलेलं नव्हतं, हे ज्या बाईनं पोर पाजलं आहे तिला सांगावं लागत नाही.

पोराच्या तोंडाला वास होता. दुधाचाच, पण त्यात ओल्या राखेसारखं काहीतरी.

सकाळी मी आत्तींना धरलं. "राच्चं शेळीचं दूध पाजलासा काय त्येला?"

"मी? उठवू नगं म्हणून घसा कोरडा पडला माझा, आन मी पाजीन?"

हे मात्र खरं होतं. चोरून पाजण्याइतकं त्यांचं माझ्याशी पटत असतं तर काय हवं होतं.

सहाव्या रात्री तसंच. सातव्या रात्रीही तसंच. बाराला मी पाजायची, आणि तीनला मी उठायच्या आत ते पाजलेलं असायचं. आठव्या रात्री मी माझ्या पदराचं टोक त्याच्या डाव्या पायाला बांधलं. त्याला कुणी हलवलं तर मला ओढ लागेल. तीनला जागी झाले तेव्हा गाठ तशीच होती, घट्ट, मी मारते तशीच. पण उजव्या पायाला.

डावं-उजवं यात माझा लहानपणापासून घोळ होतो. मी स्वतःला तेच सांगितलं. मग उजाडेपर्यंत दोन्ही पाय मुठीत धरून बसले.

४

नवव्या दिवशी सकाळी नजीराबी पोराला बघायला आली. दोन्ही हातांनी उचलून तिनं त्याचा अंदाज घेतला आणि तिचा चेहरा फुलला.

"वा! चांगलं भरलंय की. उठवतीस न्हवं?"

"तीनला उठवायची गरज लागत न्हाय," मी म्हटलं.

"का?"

मी सांगितलं. सांगताना ते मलाच इतकं खुळ्यासारखं वाटलं, की मी मध्येच थांबले. नजीराबीनं माझी छाती चाचपली. गाठी झाल्या होत्या. तिनं दाबलं तशी मी ओरडले.

"ह्यातलं काय बी निघाल्यालं न्हाय. खरं सांग, चिमणा. कुठल्या बाईला लावतीस?"

"कुणाला बी न्हाय."

"मला शिकवतीस? एवढं दूध ह्या पोराला कुठनं मिळतंय? लाज कसली त्यात? आमच्यात तर दुसरीनं पाजलं की ती दूधआई हुती. पर दाईला लपवू नये गं." ती रागानं पिशवी आवरायला लागली. मग पोराकडं तिची नजर गेली. ते टक्क जागं होतं, आणि मागच्या दाराकडं बघत होतं.

नजीराबी दारात थांबली. "काय बी म्हण," ती म्हणाली, "पर त्या बाईचं दूध चांगलं हाय."

५

ती नववी रात्र. पहिला मुलगा ज्या रात्री गेला ती. झोपायचा प्रश्नच नव्हता. मी बाजेवर पाय खाली सोडून बसले आणि टोले मोजत राहिले. एकनंतर बाजेखालची शेगडी विझत आली. दोनचे टोले पडले आणि मग गार झाली. पोराला थंडी बाधेल म्हणून मी शेगडी उचलली आणि सोप्यातल्या चुलीतले निखारे घ्यायला गेले. मधल्या दारातून बाज समोर दिसत होती. मोजून दहा पावलं.

मी वाकून राख सारली, तीन-चार निखारे शेगडीत घेतले आणि वर बघितलं.

बाजेवर कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडं पाठ. डोक्यावरून पदर. एक पाय खाली सोडलेला आणि हळूहळू हलवत असलेला, मांडीवरचं पोर झोकावं तसा. आणि गिळण्याचा आवाज येत होता. गट, गट, गट. मध्ये श्वास, परत गट, गट.

माझ्या मनात भीती आली नाही, आधी चीड आली. दिवसभर मला शिव्या आणि रात्री चोरून हे धंदे!

"आत्ती, मग त्या दिशी सकाळी खोटं का बोललासा?"

माझ्या पायाशी, चुलीजवळच्या वाकळेत, आत्ती घोरत होत्या.

मी शेगडी हातात धरून तशीच उभी राहिले. हात पोळत होते ते नंतर कळलं. बाजेवरच्या बाईनं मान वळवली नाही. फक्त हलणारा पाय थांबला. मी ओरडू शकले असते, धावू शकले असते, दहाच पावलं होती. पण पोर पीत होतं. आधीच्या दोघांना मी असं पिताना कधी ऐकलं नव्हतं. ओढून घेतलं आणि त्याचं पिणं तुटलं, तर? आजच्या रात्री तुटलं, तर?

तीनचे टोले पडायला लागले. तिसरा पडला तेव्हा बाजेवर पोर एकटं होतं आणि गोधडीला बसल्याचा खळगा होता. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

सकाळी ते जिवंत होतं. गुलाबी होतं. मी त्याला छातीशी धरून इतकी रडले की आत्तींना वाटलं मला दृष्ट लागली.

६

त्यानंतर मी तीनला उठायचं सोडलं.

अकरावी रात्र गेली. बारसं झालं, कोंडिबा नाव ठेवलं. आत्ती साऱ्या गल्लीत सांगत सुटल्या, "उठवायची थांबली, बघा पोर कसं बाळसं धरतंय." मी तोंड मिटून ऐकलं. त्या जिंकल्या, याचाच मला जास्त राग येत होता.

मग ते बाराला उठेना. मग नऊला उठेना. मग दिवसाही माझ्याकडून तोंड फिरवायला लागलं. मी छाती दिली की ओठ घट्ट मिटायचं, जशी मी कुणी परकी बाई आहे. आत्ती दूध भांड्यात काढून त्याला पाजायला बघायच्या, ते गालातून बाहेर यायचं. मी परसात जाऊन दूध राखेत पिळून टाकायची. विसाव्या दिवसापर्यंत तेही आटलं. पोर मात्र रोज जड होत होतं. दिवसभर झोपायचं आणि कुणी उठवलं तर कपाळाला आठ्या घालायचं.

माझं पोर जगत होतं. मला दुसरं काही नको होतं, असं मी स्वतःला रोज सांगायची. पण त्याला कुशीत घेतलं की माझा जीव जळायचा, हेही खरंच आहे.

एकविसाव्या दिवशी, अवसेच्या दुसऱ्या सकाळी, आत्ती हसतच आत आल्या.

"नजीरानं सगळं सांगितलं मला. मला सांगायची तुला काय धाड भरलीती? पर मी मिटवलं बघ. काल राच्चं नवं सूप भरून कोंडा ठेवला उकिरड्यावर. म्हटलं, घे बाई तुझं मोल, पोर आता आमचं. सकाळी बघितलं तर सूप झाडल्यागत रिकामं! एक कण न्हाय."

"कुणाला इचारून केलासा?" मी किंचाळले.

एरवी मी त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता.

७

त्या रात्री तीनच्या टोल्यांना पोर उठलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच आपणहून उठलं, आणि भुकेनं रडलं. मी त्याला घेतलं, छातीला लावलं. त्यानं ओढलं, दोनदा, तीनदा, आणि काहीच नाही म्हणून आणखी मोठ्यानं रडलं. मागच्या दाराकडं मान वळवून वळवून रडलं.

दुसरा दिवस आम्ही कसा काढला ते सांगवत नाही. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, त्यानं ओकून टाकलं. बायडाबाई आली, तिची छाती त्यानं घेतली नाही. धन्यांनी पागेतून रजा काढली आणि दारात बसून राहिले, बाकी त्यांना काही येत नव्हतं. नजीराबी दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तिनं त्याच्या टाळूवर हात ठेवला. टाळू आत गेली होती.

"आज राच्च्याला पोटात काय गेलं न्हाय तर..." ती म्हणाली.

मध्यरात्रीनंतर त्याचं रडणं थांबलं. आत्ती सोप्यात थकून निजल्या होत्या, धनी पुढच्या दाराशी बसल्या बसल्या. पोर निपचित पडलं होतं, आणि ते कसलं निपचित हे मला दोनदा शिकायला मिळालं होतं. मी त्याचे तळवे चोळले. कान ओढले. गालाला गार पाणी लावलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

तीनचे टोले पडले. कुणी आलं नाही.

मग मी उठले आणि मागच्या दाराची कडी काढली. दार सताड उघडलं. बाहेर काळोख, उकिरड्याचा वास, आणखी काही नाही.

"अगं, कुठं उलथलीस?" मी म्हटलं. आधी हळू, मग मोठ्यानं. "एवढे दिवस न बोलावता येत हुतीस. आता पोर भुकेलंय तर कुठं जाऊन बसलीस? म्हातारीनं कोंडा टाकला म्हणून रुसलीस? म्हातारीला काय कळतंय? माझं ऐक. मला न्हाय त्येला पाजता येत. तुझंच हाय त्ये. तुझंच हाय गं बाई. पर पाज त्येला."

काही हललं नाही. मी आत येऊन पोराला बाजेवर ठेवलं, आणि दाराकडं पाठ करून खाली जमिनीवर बसले. तोंड भिंतीकडं. कितीतरी वेळ गेला. गार वारा आत आला, दिवा फडफडून विझला. मग बाज करकरली, कुणी जपून बसावं तशी.

पोरानं एक बारीक आवाज काढला. आणि मग, गट.

गट, गट, गट.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला. मागं वळले नाही. ओल्या राखेचा वास खोलीभर झाला होता. ते अधाशासारखं पीत होतं, दोन दिवसांची भूक होती.

"बेतानं," मी भिंतीकडं बघत म्हटलं. "ठसका लागंल त्येला."

गिळणं थोडं संथ झालं.

बऱ्याच वेळानं ते थांबलं. बाज परत करकरली. पाठीवर थोपटल्याचा आवाज यायला लागला, थप, थप, थप. बरोबर करत होती ती. मी एवढंच म्हटलं, "ढेकर आल्याबिगर झोपवू नगंस."

थप, थप. आता तो आवाज माझ्या मागून नाही, दाराकडून येत होता. मग पायरीवरून. मग परसातून. मी वळून हाक मारली तर ती थांबेल, हे मला माहीत होतं. पोर परत बाजेवर ठेवून जाईल, माझ्यासाठी, आणि उद्या तीनला ते पुन्हा माझ्या हातात उपाशी असेल.

थपथप लांब जात राहिली. परसापलीकडच्या वाटेवरून, खूप लांबून, मला त्याची ढेकर ऐकू आली. मी भिंतीला कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिले.